कव्हराआड हरवलेले शब्द

"मले आवाज येते वं माय, शब्द येत नाही."

आमच्या सासूबाईंचं हे वाक्य मी वर्षभर तरी ऐकत होते. ऐकत होते म्हणजे कानावर पडत होतं इतकंच. अर्थ काही मनात शिरत नव्हता. वय झालं, कान गेले, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग घरात जे होतं तेच झालं. मुलं आजीशी ओरडून बोलू लागली. आजीने काही विचारलं की "काही नाही, जाऊ दे" असं उत्तर मिळू लागलं. पाहुणे आले की मीसुद्धा हळूच कानाकडे बोट दाखवून "त्यांना ऐकू येत नाही हो" म्हणायची. हे सगळं त्यांच्यासमोरच चालायचं. कान कमजोर झाले असतील, पण डोळे तर शाबूत होते ना!

सासूबाईंचा रेडिओ हा आमच्या घरातला एक सदस्यच. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, तेव्हा त्या पाळण्यात होत्या. माहेरी रेडिओ आला तो पुढे बऱ्याच वर्षांनी. तेव्हापासूनची ही सोबत. सकाळच्या बातम्या, दुपारची गाणी, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. शेत विकून किती वर्षं झाली, तरी पाऊसपाण्याचं सगळं ऐकायचंच! जुना रेडिओ गेला तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने आजीसाठी नवा पाठवला. दिसायला जुन्यासारखा, आत जुनी गाणी भरलेली आणि आकाशवाणीही लागणारा. आजी खूश. पण वर्षभरातच त्यांनी तो लावणं कमी केलं आणि मग बंदच केलं. "काहून बंद केला?" विचारलं तर म्हणाल्या, "कायले लावू? गुणगुण गुणगुण होते नुसती."

आम्ही समजलो, कान आणखी गेले.

दिवाळीची सफाई आणि एक धक्का

दिवाळीच्या आधी घर काढलं. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं धुवायला. त्यात रेडिओचं कव्हरही काढलं. हे कव्हर मी स्वतः केलेलं. क्रोशाचं, मोतिया रंगाचं, खाली झालर. नुसत्या क्रोशातून धूळ आत जाते म्हणून आतून साटीनचं अस्तर लावलेलं. महिला मंडळाच्या प्रदर्शनात त्याचं कौतुकही झालं होतं. बटणांपुरती जागा सोडून रेडिओ पुढून-मागून पूर्ण झाकला जाईल, असं ते नीट मापाने शिवलेलं.

कव्हर दोरीवर वाळत होतं आणि धाकटीने झाडू मारता मारता रेडिओ लावला. बातम्या सुरू होत्या. मी स्वयंपाकघरात शेवेचा घाणा काढत होते. सासूबाई पलीकडे लसूण सोलत बसल्या होत्या. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "घ्या, साठ गावांले पाणी देणार म्हणते. मागच्या सालीही साठच म्हणे."

मी झारा हातात घेऊन तशीच उभी राहिले. 'साठ' ऐकू आलं? खोलीच्या पलीकडून? आवाज वाढवलेला नसताना?

मी काहीच बोलले नाही. संध्याकाळी कव्हर वाळलं, ते रेडिओवर चढवलं, आवाजाचं बटण तिथेच ठेवलं आणि विचारलं, "आई, काय म्हणताहेत हो?" त्या जरा वेळ कान देऊन बसल्या. मग चेहरा तसाच झाला, वर्षभर आम्ही बघत होतो तसा. म्हणाल्या, "गुणगुण होते."

कव्हर काढलं. "आता?"

"आता सांगून राहिला ना तो, कापसाचं."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्या रात्री झोप आली नाही. ज्या कव्हरासाठी मी पंधरा दिवस डोळे फोडले, त्यानेच माझ्या सासूचा रेडिओ बंद पाडला होता. आणि आम्ही त्यांना बहिरं ठरवून मोकळे झालो होतो!

रेडिओच्या तोंडावर उशी

दुसऱ्या दिवशी रेडिओ आणि कव्हर दोन्ही पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीवाल्या भाऊंकडे गेले. त्यांनी कव्हर हातात घेतलं, अस्तर बोटांनी चाचपलं आणि हसले. "वहिनी, रेडिओ चांगला आहे जी. तुम्ही त्याच्या तोंडावर उशी ठेवून दिली."

मग त्यांनी एक उघडा स्पीकर दाखवला. मध्ये कागदाचा शंकूसारखा पडदा, मागे लोहचुंबक, त्यात तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज वाहिली की ते मागेपुढे हलतं, त्याबरोबर कागदी पडदा हलतो, पडदा हवेला ढकलतो आणि ती हवेची थरथर आपल्या कानापर्यंत येते. अमेरिकेत राइस आणि केलॉग नावाच्या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली या पद्धतीच्या स्पीकरवर जे काम केलं, त्याच पायावर आजही आपले रेडिओ, टीव्ही, मोबाइल बोलतात. म्हणजे हा शोध शंभर वर्षांचा झाला.

या कागदी पडद्यापुढे जी जाळी किंवा कापड असतं ना, ते शोभेसाठी तर असतंच, पण मुख्य काम राखणदारीचं. धूळ, झुरळ, लहान मुलांची बोटं आत जाऊ नयेत म्हणून. या राखणदाराने आपलं काम करावं, पण आवाजाची वाट अडवू नये, अशी अपेक्षा. आमच्याकडे एकावर दुसरा राखणदार मीच नेमला होता.

पण मग प्रश्न पडतो, आवाज तर येत होता, शब्दच का हरवले?

त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. जाड, खर्जातल्या आवाजाच्या लाटा लांबलचक असतात. सेकंदाला १०० वेळा थरथरणारा आवाज घेतला, तर त्याची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे आपल्या खोलीएवढी. उलट सेकंदाला ५ हजार वेळा थरथरणाऱ्या बारीक आवाजाची लाट सातच सेंटिमीटरची आणि १० हजारांची तर साडेतीन सेंटिमीटरची. लांब लाटांना कापडाचा फारसा अडथळा होत नाही, वाटेत वस्तू आली तर त्या वळसा घालून पुढे जातात. बारीक लाटा मात्र सरळ जातात. जाड कापडाच्या धाग्यांत घासून त्यांची ताकद जाते, आणि कापड फारच घट्ट विणीचं असेल तर त्या उलट्या फिरतात. शेजारच्या घरी लग्नाचा डीजे लागला की भिंतीपलीकडून नुसतं 'धूम धूम' ऐकू येतं, गाणं कोणतं ते कळत नाही. तेच हे!

आता आपली भाषा बघा. 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर बरेचसे खालच्या पट्टीत वाजतात आणि आवाजाचा जोर त्यांच्यात असतो. पण 'स', 'श', 'फ', 'थ', 'च' ही व्यंजनं बारीक, वरच्या पट्टीतली, जोराने कमी. आणि शब्दाचा अर्थ तर यांच्यावरच उभा! सात, हात, भात, रात... मधला 'आ' सगळ्यांत तोच. पहिलं अक्षर गेलं की काय उरलं? नुसता 'आ'. म्हणूनच सासूबाई म्हणत होत्या, आवाज येते, शब्द येत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाने सांगितलं असतं तर आम्ही मान डोलावली असती. सासूने सांगितलं म्हणून दुर्लक्ष केलं.

त्यातून रेडिओची आणखी एक बाजू आहे. मध्यम लहरींवर, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओ केंद्रांवर, आवाजाचा वरचा भाग मुळातच कापलेला असतो. साधारण पाच हजारांच्या वरचं काही त्यात येतच नाही. एफएमवर १५ हजारांपर्यंत येतं, म्हणून ते टवटवीत वाटतं. आधीच जे थोडकं बारीक येतं, तेही आपण साटीनमध्ये गाळून घेतलं तर उरणार काय!

कापड कोणतं, हे कापडवाल्यालाच विचारा

आता कुणी म्हणेल, पूर्वीच्या रेडिओंना तर कापडच असायचं. अगदी बरोबर. मर्फी, बुश, फिलिप्स... त्या मोठ्या लाकडी रेडिओंच्या तोंडावर ते सोनेरी धाग्याचं कापड आठवतं? त्यामागून दिव्याचा पिवळा उजेड यायचा. तेव्हा रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागायचा, इतकी त्याची मिजास. आणि आवाज कसा, भरदार! मग त्या कापडाने का नाही अडवलं?

हा प्रश्न मी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना विचारला. उमरेड हे मुळात विणकरांचं गाव. इथल्या रेशमी काठांच्या सुती कापडाची नोंद इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये आहे. आता माग थोडके उरले, पण ज्यांनी आयुष्य मागावर काढलं त्यांची बोटं अजून कापड वाचतात. आजोबांनी माझं अस्तर उजेडासमोर धरलं. म्हणाले, "याच्यातून दिवस दिसते का? नाही दिसत. मग आवाज कुठून जाईन?" मग त्यांनी कपाटातून एक जुनं उपरणं काढलं, तोंडासमोर धरलं आणि फुंकर मारली. समोर धरलेल्या माझ्या तळहाताला वारा लागला. तसंच साटीन धरून फुंकलं. काहीच नाही.

बस! हीच परीक्षा. पुढे दुरुस्तीवाले भाऊही म्हणाले की स्पीकरचं कापड बदलताना तेही असंच फुंकून बघतात. ज्या कापडातून श्वास सहज जातो, त्यातून आवाजही बहुतेक सगळा जातो. जुन्या रेडिओंचं कापड दिसायला भारी, पण विणीला मोकळं असायचं. कापड जाड की पातळ यापेक्षा वीण घट्ट की विरळ, हे महत्त्वाचं. म्हणजे माझा क्रोशा बिचारा निर्दोष होता! त्याला तर छिद्रंच छिद्रं. गुन्हेगार अस्तर निघालं.

मंडळातला प्रयोग

आमच्या महिला मंडळात दर महिन्याला एक विषय असतो. लोणची, बचत, रक्तदाब असं काही. या वेळी मी म्हटलं, विषय रेडिओ. सगळ्या हसल्या. पण प्रयोग केला. टेबलावर एक छोटा स्पीकर ठेवला आणि मोबाइलवर माझ्या मुलीच्या आवाजात शब्द भरून आणले. सात, हात, साठ, आठ, शेत, पेठ, फळ, थळ, असे सारखे वाटणारे. बायकांनी स्पीकरकडे पाठ करून बसायचं, ऐकलेला शब्द कागदावर लिहायचा. आवाजाचं बटण हलवायचं नाही. आणि स्पीकरवर कधी काय घातलंय, हे कुणालाही सांगायचं नाही. ही अट फार महत्त्वाची. कारण डोळ्यांना कव्हर दिसलं की कान आपोआप "दबला, दबला" म्हणायला लागतात.

पहिल्यांदा उघडा स्पीकर. मग एकेरी मलमल. मग माझं अस्तरवालं कव्हर. मग घडी केलेला टॉवेल.

मलमल घातली तेव्हा बहुतेकींना फरक सांगताच आला नाही. एकजण ठासून म्हणाली, "आता नक्की कापड घातलंय," तेव्हा स्पीकर उघडाच होता! अस्तराच्या वेळी मात्र कागदांवर गोंधळ सुरू झाला. साठचे आठ झाले, फळाचं थळ झालं. टॉवेलच्या वेळी तर एकीने चक्क सगळ्या शब्दांपुढे फुल्या मारल्या.

आमच्यातल्या एक वयस्क काकू मात्र मलमलीच्या वेळीही अडखळल्या. त्यांनी कागद उलटा करून ठेवला, कुणाला दाखवला नाही. मी नंतर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "घरी सांगू नको." मला सासूबाईच आठवल्या. त्यांनीही कधी "मला ऐकू येत नाही" असं कबूल केलं नव्हतं. म्हणायच्या ते एवढंच, की शब्द येत नाही.

आपली धूळ, आपलं तिखट

हा विषय मंडळात निघाल्यावर एकेकीच्या घरचं बाहेर यायला लागलं. आमच्या भागात एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे भिवापूर-उमरेडची मिरची. काळी धूळ आणि लाल धूळ, दोन्ही आपल्या नशिबी! त्यात स्वयंपाकघरातली फोडणी. तेलाची वाफ उडते, जाळीवर बसते, चिकट होते, मग त्यावर धूळ चिकटते. कुलरच्या खशीला वर्षभराचा मळ बसला की हवा कशी कोंडते, हे विदर्भातल्या बाईला वेगळं सांगायला नको. उन्हाळा लागताच आपण खस बदलतो. पण स्पीकरच्या जाळीची छिद्रं बुजली, हे कुणाच्या ध्यानात येतं? ती तर पहिल्या दिवसापासून जशीच्या तशी.

कुलरवरून आणखी एक आठवलं. एप्रिल-मेमध्ये कुलरचा घूं घूं आवाज खोली भरून टाकतो. त्या गोंगाटात बारीक अक्षरं आधी बुडतात. मग आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, वाढतो तो सगळाच, आणि कान किटतात. म्हाताऱ्या माणसाची खुर्ची कुलरपासून दूर आणि टीव्हीच्या जवळ सरकवली तर निम्मी भांडणं वाचतात!

मोबाइलचंही तेच. एका मैत्रिणीची तक्रार होती की फोनवर समोरच्याचं बोलणं येत नाही, नेटवर्कच नसतं. फोन बघितला तर कानाशी धरायच्या जागी जी बारीक जाळी असते, तिच्यात कणीक आणि पावडरचा थर! पोळ्या करता करता फोन उचलायचा, मग दुसरं काय होणार? कोरड्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडली आणि नेटवर्क आलं!

लोखंडी जाळी, शोकेस आणि टीव्ही

हल्लीच्या स्पीकरना बहुतेक वेळा पत्र्याची छिद्रांची जाळी असते. यात बघायचं ते एवढंच की छिद्रं किती आणि पत्रा किती. निम्म्याहून जास्त भाग मोकळा असेल, पत्रा पातळ असेल, तर आवाजाला फारसा धक्का लागत नाही. नक्षीदार जाळी, जिच्यात नक्षी जास्त आणि छिद्रं मोजून दहा, ती दिसायला सुंदर आणि ऐकायला कोंदट. पत्र्याच्या जाळीचा दुसरा त्रास म्हणजे ती सैल झाली की तबल्याच्या बायाँबरोबर किंवा ढोलकीबरोबर खर्रर करते. आपल्याला वाटतं स्पीकर फाटला. बऱ्याचदा नुसता स्क्रू सैल असतो.

जाळीची चौकटसुद्धा कधी कधी गडबड करते. जाड, धारदार कडांची चौकट असेल तर आवाज तिच्यावर आपटून किंचित उशिरा कानाशी येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. चांगल्या स्पीकरमध्ये फरक इतका थोडा असतो की शांत खोलीत कान देऊन बसणाऱ्यालाच जाणवेल. आवाजाचे शौकीन म्हणून जाळी काढून ऐकतात. पण काही स्पीकर जाळी लावलेलीच आहे असं धरून बनवलेले असतात. ती काढली तर आवाज उलट टोचरा होतो. तेव्हा सोबतची पुस्तिका वाचावी आणि दोन्ही तऱ्हेने ऐकून बघावं.

पण आपल्या घरांत खरा अडथळा जाळीचा नसतोच, आपल्या सजावटीचा असतो. टीव्हीचंच बघा. पूर्वीच्या डबा टीव्हीला पुढे किंवा बाजूला स्पीकर असायचे. आताच्या पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात. मग टीव्ही शोकेसच्या कोनाड्यात घट्ट बसवायचा, खाली विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी आणि बाहुल्या. आवाज आधी लाकडावर आपटतो, मग बाहुलीवर, मग आपल्याकडे येतो. आम्ही आमच्या टीव्हीसमोरून एक पितळी हत्ती आणि रुमाल उचलला, तर मालिकेतल्या नवऱ्याचं बोलणं कळायला लागलं. ते न कळलेलंच बरं होतं, ही गोष्ट वेगळी!

एक मात्र सावधगिरीची सूचना. हे वाचून कुणी उत्साहाने घरातल्या सगळ्या जाळ्या उचकटू नका. लहान मूल असलेल्या घरात जाळी हवीच. बारीक आवाजाचा जो छोटा स्पीकर असतो, ज्याला ट्विटर म्हणतात, त्याची मऊ घुमटी मुलांना फुग्यासारखी वाटते आणि बोटाने दाबली की आत जाते. शिवाय स्पीकरमागे लोहचुंबक असतं. पिना, सुया, टाचण्या ओढल्या जातात आणि पडदा फाटतो. शिवणकाम करणाऱ्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आणि कान?

आता गोष्टीचा उरलेला भाग. कव्हर काढल्यावर सासूबाईंना सगळं ऐकू यायला लागलं आणि आम्ही सुखाने नांदू लागलो, असं झालं नाही. रेडिओ कळायला लागला, पण मागून हाक मारली तर अजूनही लक्ष जात नव्हतं. नातीचं चिमणीसारखं बोलणं निसटतच होतं. शेवटी नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत कानाला यंत्र लावून तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या पट्टीची रेघ बरी होती, वरच्या पट्टीला ती उतरणीला लागली होती. वयाबरोबर कान असेच उतरतात, आधी बारीक आवाज जातात, हे त्यांनी समजावलं. म्हणजे सासूबाईंच्या कानाने आधीच 'स' आणि 'श' थोडे गाळले होते. उरलेले मी साटीनने गाळले. दोन चाळण्या एकावर एक!

म्हणून दोष सगळा कव्हराचा नव्हता आणि सगळा कानाचाही नव्हता. पण कान आपल्या हातात नव्हते, कव्हर होतं. आणि आम्ही कव्हराकडे न बघता माणसावर शिक्का मारला, याचंच वाईट वाटतं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी ओरडून बोलू नये. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, आणि चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. ओठ बघूनही माणूस पुष्कळ ऐकत असतो. पदर तोंडाला लावून किंवा पाठमोरं बोलणं म्हणजे तेही एक कव्हरच की!

आता सासूबाईंना श्रवणयंत्र आहे. गंमत म्हणजे त्या यंत्राच्या टोकालाही एक इवलीशी जाळी आहे, कानातला मळ आत जाऊ नये म्हणून. ती बुजली की यंत्र मुकं होतं. कित्येक घरांत असं यंत्र "बिघडलं" म्हणून कपाटात पडलेलं असतं. आम्ही दर रविवारी ती जाळी बघतो, ब्रशने साफ करतो, आणि जुनी झाली की बदलून आणतो. हे काम माझ्या धाकटीने स्वतःहून घेतलंय. आजीच्या मांडीवर रुमाल पसरायचा आणि यंत्र उघडायचं. दोघींच्या गप्पांना तेवढंच निमित्त.

एवढं करून बघा

• रेडिओ, टीव्ही, स्पीकर चालू असताना कव्हर काढून ठेवा. बंद असताना घाला. धुळीपासून बचावही होईल आणि तुमची कलाही दिसेल.

• कव्हर कायम ठेवायचंच असेल तर जाळीसमोरचा भाग मोकळ्या विणीचा करा. अस्तर नको. तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडे वारा लागला तर कापड चालेल.

• जाळी महिन्यातून एकदा कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. कापडी जाळी चौकटीसह सहज निघत असेल तर काढून हलक्या हाताने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच लावा. चालू स्पीकरवर ओलं फडकं फिरवू नका.

• मोबाइलच्या छिद्रांत सुई किंवा टाचणी घालू नका. आतला नाजूक पडदा फाटतो.

• टीव्हीचे स्पीकर कुठे आहेत ते आधी हाताने चाचपून शोधा. त्यांच्यासमोर फुलदाणी, रुमाल, फोटो ठेवू नका.

• घरातलं वडीलधारं माणूस "काय? काय?" विचारत असेल, तर आधी आवाजाच्या वाटेतले अडथळे काढा. तरीही फरक पडला नाही तर कानाची तपासणी करून घ्या. उशीर करू नका.

ते क्रोशाचं कव्हर मी टाकलं नाही. उसवून अस्तर काढलं. साटीनची देवघरातल्या समईसाठी पिशवी शिवली. नुसता क्रोशा आता रेडिओवर असतो, रात्री, रेडिओ झोपला की. सकाळी सासूबाईच तो उचलून घडी करून ठेवतात आणि बटण फिरवतात.

परवा मी घाईत पाठमोरीच काहीतरी बोलून गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, कव्हर काढून बोल."

दोघीही पोट धरून हसलो. पण मी वळले आणि त्यांच्यासमोर येऊन बोलले.